पाणी शेवटच्या चरात पोचेपर्यंत

कुरणात पाणी सोडायच्या दिवशी लायोनेल टाय बांधून आला, तेव्हाच हेस्टरने ओळखलं की स्वारी आज वाद जिंकायच्या तयारीने आली आहे. त्यांच्या वडिलांनी या दिवशी कधी टाय बांधला नव्हता. आजोबांनी बांधला असता तरी दाढीखाली तो कुणाला दिसला नसता.

"कुणाचं लग्न आहे का रे?" तिने विचारलं.

"जेवायला बोलावलंस ना? मग जरा माणसासारखा आलो," लायोनेल म्हणाला आणि धाकट्या बहिणीकडे, विनीकडे, बघून हसला. विनीने लगेच हेस्टरकडे बघून हसून घेतलं. विनीचं हे असंच असे. एकाकडून आलेलं हसू ती दुसऱ्याला देऊन मोकळी होई.

पाणी अडवणारं दार उचलायचा मान घरातल्या थोरल्याचा, म्हणजे हेस्टरचा. ती पहार घेऊन नदीकाठच्या लाकडी दारापाशी वाकली. गुडघ्यांनी तक्रार केली, पण तिने ती चेहऱ्यापर्यंत पोचू दिली नाही. दार अडलं. लायोनेलचा हात कोटाच्या खिशातून निघाला, हवेत क्षणभर लोंबकळला आणि परत खिशात गेला. तेवढ्यात फळी करकरत वर आली आणि मेरल नदीचं पाणी मुख्य पाटात शिरलं. डिसेंबरच्या गारठ्यात त्याच्यावर वाफ होती. खडूच्या टेकड्यांतून झिरपत येणारं पाणी उन्हाळा असो की हिवाळा, आपली मिजास बदलत नाही. त्याच्याच उबेवर त्यांच्या पॉथेकरी घराण्याच्या कुरणात दरीत सगळ्यांच्या आधी गवत फुटायचं.

"आता तोंडं बंद," हेस्टर म्हणाली.

हा नियम पणजीचा. तिच्या दोन मुलांनी याच दिवशी, कुणाच्या मेंढ्या आधी चरायच्या यावरून फावडी उगारली होती आणि एकाचा कान कुरणातच राहिला होता. तेव्हापासून दार उचलल्यावर पाणी वाकड्या विलोच्या झाडाखालच्या शेवटच्या चरात पडेपर्यंत घरातल्या वादाचं नाव काढायचं नाही. जो पहिला काढेल त्याचं मत वर्षभरासाठी बाद. नवऱ्याच्या वतीने बायको बोलली तरी नवऱ्याचंच मत बाद. ही पुरवणी आजीने जोडली होती, कारण आजोबांवर स्वतः बोलायची वेळच कधी येत नसे.

यंदाचा वाद सगळ्यांना पाठ होता. वडिलांनी हे लांब कुरण तीन भावंडांच्या नावे ठेवलं होतं आणि दोघं म्हणतील ते व्हायचं होतं. लायोनेलला ते खणून त्याचा तलाव करायचा होता, त्यात ट्राउट मासे सोडायचे होते आणि काठाने काचेच्या भिंतींची घरकुलं बांधून शहरातल्या लोकांना सुट्टीपुरती भाड्याने द्यायची होती. हेस्टरला कुरण आहे तसंच हवं होतं. ओळीने वरंबे, त्यांच्या माथ्यावरून वाहणारे दांड, दोन वरंब्यांमधले, पाणी परत नदीत नेणारे चर, डोकी छाटलेले विलो आणि हिवाळा सरता सरता मेंढ्या. मागच्या खेपेला लायोनेलने तिला एकच प्रश्न विचारला होता, की तुझ्यानंतर इथे दारं कोण धरणार? दारं धरायला माणूस नसेल तर दोन हिवाळ्यांत इथे लव्हाळं माजेल, त्यापेक्षा तलाव काय वाईट? हेस्टरने उत्तरादाखल रश्श्याचं भांडं फेकलं होतं. भांडं फुटलं, प्रश्न तसाच राहिला.

राहता राहिली विनी. तिने लायोनेलला हो म्हटलं होतं आणि हेस्टरलाही हो म्हटलं होतं.

*

जेवायला ट्राउटच होता. हेस्टरने तो मुद्दाम पलीकडच्या दरीतल्या एका तलावातून मागवला होता आणि नुसत्या पाण्यात उकडला होता. वर मीठही घातलेलं नव्हतं.

"कसा झालाय मासा?" तिने भोळेपणाने विचारलं.

लायोनेलने तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला. त्याला चिखलाची चव लागत होती. ती चव का लागतेय हे बोललं की तलावाचा विषय निघणार, आणि विषय निघाला की मत गेलं.

"उत्तम," तो म्हणाला आणि काट्यासकट गिळला.

त्याची बायको ड्रुसिला समोर बसली होती. तिच्या मनाची अवस्था उकळत्या किटलीसारखी होती. तिला सांगायचं होतं की मासा असा करतात का, लोणी कुठाय, आणि आमच्या तलावात तळाला खडी घालणार आहोत, चिखल नाही. तिने तोंड उघडलं. टेबलाखाली लायोनेलचा बूट तिच्या पायावर पडला.

"मी एवढंच म्हणणार होते की बटाटे छान झालेत," ती म्हणाली.

"बटाटे अजून वाढले नाहीत," हेस्टर म्हणाली.

ड्रुसिलाचं दुःख तेवढंच नव्हतं. तिच्या शेजारी तिची स्वतःची मुलगी रोवेना बसली होती, आणि ती आत्याच्या गोटात होती. रोवेना जिल्ह्याच्या कचेरीत कामाला होती. कुठल्या दरीचा चेहरामोहरा कसा आहे, त्यात काय शोभतं आणि काय नाही, हे लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणी काही बांधायला निघालं तर ते पुढे करता येतं, असं तिचं काम. मेरलच्या दरीबद्दल तिने फार जीव लावून लिहिलं होतं. सपाट ओला तळ, वरंब्यांची कुरणं, गवताने शाकारलेल्या मातीच्या भिंती, दोन्ही अंगांना उघड्या टेकड्या, आणि कुठेही उभं पाणी नाही. इथवर ठीक होतं. पण पुढे तिने लिहिलं होतं की नदीपलीकडच्या एका घरापुढचे परदेशी गवताचे तुरे या दरीच्या चेहऱ्यावर उपऱ्यासारखे दिसतात. ते घर ड्रुसिलाचं होतं.

"दरीला म्हणे चेहरा असतो," ड्रुसिला विनीला म्हणाली. या विषयाला बंदी नव्हती. "मग नाक कुठलं, ते सांगायला सांग."

"आई, नाक नसलं तरी चालेल. तुझ्या त्या मिशा तेवढ्या काढ," रोवेना म्हणाली.

विनी हसली आणि लगेच ड्रुसिलाच्या हातावर थोपटलं, म्हणजे हसणं माफ व्हावं. नंतर लायोनेलने हेस्टरच्या तब्येतीची चौकशी काढली. गुडघे कसे आहेत, थंडीत दुखतात का, पहार जड नाही ना वाटत, असं तो मोठ्या मायेने विचारत गेला. हेस्टरच्या कानशिलांवर लाली चढली. तिने विनीकडे पाहिलं. पंच म्हणून नेहमी विनीच असे, कारण तिचं स्वतःचं मत काय हे कुणालाच माहीत नसे.

"गुडघ्यांबद्दल बोललेलं चालेल," विनी म्हणाली. "पण पहार जरा काठावर आहे, लायोनेल. जपून."

"मी तर काळजीने विचारलं."

"काळजी कर, पण पहारीशिवाय कर."

*

पुडिंग येईपर्यंत विनीचा जीव मेटाकुटीला आला होता. तिच्या घरी स्वयंपाकघरात हेस्टरने पाठवलेली हॅमची अख्खी मांडी टांगलेली होती आणि फळीवर लायोनेलने पाठवलेली पोर्ट वाइन होती. हॅमबरोबर ती पोर्ट पिऊन तिने काही संध्याकाळी फार सुखाने घालवल्या होत्या. आता पाणी शेवटच्या चराकडे निघालं होतं आणि तिथे पोचलं की दोघांपैकी एक जण तिच्याशी आयुष्यभर बोलणार नव्हता.

लहानपणी ही दोघं भांडली की विनी कपाटात जाऊन बसायची. आता ती कपाटात मावत नव्हती.

"माझे हातमोजे नदीवर राहिले वाटतं," ती म्हणाली आणि उठली. हातमोजे तिच्या खिशात होते. नदीवर जाऊन तिने दाराची खुंटी एक भोक खाली घातली. पाटातलं पाणी निम्म्यावर आलं. आता आज काही ते पोचत नाही, अंधार पडेल, सगळे घरोघरी जातील आणि वाद पुढच्या वर्षी, असा तिचा साधा हिशेब होता. परत येऊन तिने पुडिंग दुसऱ्यांदा घेतलं.

लायोनेलचा हिशेब उलटा होता. ड्रुसिला फार वेळ टिकणार नाही हे त्याला दिसत होतं. ती आता मिठाच्या भांड्याशी पुटपुटत होती. पाणी लवकर पोचायला हवं होतं. पाईप ओढून येतो म्हणून तो बाहेर पडला, मधल्या वरंब्यावर गेला आणि दांडात जागोजाग घातलेली गवती ढेकळं त्याने बुटाने उडवून लावली. ही ढेकळं पाण्याला अडवून वरंब्याच्या दोन्ही अंगांनी पातळ पसरवतात. ती काढली की पाणी न पसरता सरळ पुढे पळतं. वडिलांनी पाहिलं असतं तर पाठीची सालं काढली असती, हे त्याच्या मनात आलं. ते त्याने झटकून टाकलं आणि पायऱ्यांवर बूट पुसले.

हेस्टरलाही ड्रुसिला फुटायच्या बेतात दिसत होती, आणि म्हणूनच तिला पाणी जितकं उशिरा पोचेल तितकं हवं होतं. तिने रोवेनाला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की मधल्या वरंब्यावर जाऊन दोन-चार ढेकळं जास्तीची घाल. रोवेना वाऱ्यासारखी गेली. या कुरणाबद्दल तिने पानंच्या पानं लिहिली होती, पण त्यात उतरायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिने ढेकळं दांडात घालायची ती खालच्या चरात घातली, आणि चांगली तुडवून बसवली. म्हणजे पाण्याला आत यायची वाट मोकळी आणि बाहेर जायची बंद.

एका घरातली एवढी माणसं ताकाला जाऊन भांडं लपवत होती, आणि जेवणाच्या खोलीत परतल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या बुटांवरचा चिखल बघून काही न बघितल्यासारखं करत होता.

ड्रुसिला एकटीच जागची हलली नव्हती. तोंडाला दुसरं काही काम नव्हतं म्हणून ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"हेस्टर," ती शेवटी म्हणाली, "मला यातलं कळत नाही. पण तुमच्या कुरणाच्या मधोमध ढग दिसताहेत."

सगळे खिडकीशी आले. मधल्या वरंब्यांवर सपाट, चकचकीत पाणी साचलं होतं, आणि त्यात आभाळ दिसत होतं. शेवटचा चर कोरडा होता.

"उभं आहे," लायोनेल म्हणाला. "पाणी उभं आहे."

त्या दरीत लहान पोरांना चालायच्या आधी शिकवतात की कुरणात पाणी दुडक्या चालीने यावं आणि चौखूर उधळत जावं. उभं राहिलेलं पाणी गवताला कुजवतं. हेस्टर काठी शोधेपर्यंत लायोनेल दाराबाहेर होता.

*

रोवेनाने नंतर कितीदा तरी सांगितलं की त्या संध्याकाळी आपण बाबांना पहिल्यांदा बघितलं. बँकेतून निवृत्त झालेला, सोफ्यावर पाय ठेवले तर रागावणारा हा माणूस ओसरीवरचं फावडं उचलून नव्या बुटांसकट चरात उतरला आणि मांडीपर्यंत गेला. कोट त्याने काठावर भिरकावला, तो ड्रुसिलाच्या डोक्यावर पडला.

"हे ढेकूळ चरात कुणी घातलं?" तो ओरडला. "चरात! कुठल्या गाढवाने?"

"मी, बाबा," रोवेना म्हणाली.

"कचेरीत हेच शिकवतात का?"

"आत्याने सांगितलं म्हणून घातलं."

"मी दांडात सांगितलं होतं," हेस्टर म्हणाली, आणि आपण काय कबूल केलं हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

लायोनेलने फावड्याच्या दोन घावांत ढेकळं उपटली. पाणी घुसळलं, खाली सरकलं. मग तो वरंब्यावर चढून मोकळ्या दांडाकडे बघायला लागला.

"आणि ही इथली कुणी काढली?" हेस्टरने विचारलं.

खाली वाकून त्याने एकेक ढेकूळ गोळा केलं आणि दांडात बसवायला लागला. गवताची बाजू खाली, मुळं वर, आणि वरून टाचेचा एक दाब. हेस्टर बघत राहिली. असं उलटं ढेकूळ फक्त वडील बसवायचे. तिला स्वतःला ते कधी नीट जमलं नव्हतं, आणि लायोनेलला हे येतं हे तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं. तिला त्याचा हेवा वाटला, आणि मग इतका आनंद झाला की तिने तोंड फिरवलं.

"पाणी कमी येतंय," लायोनेल वरून ओरडला. "दाराची खुंटी बघा कुणीतरी!"

विनी नदीकडे पळाली. पळताना तिच्या खिशातून हातमोजे पडले. रोवेनाने ते उचलले आणि गुपचूप आपल्या खिशात टाकले.

खुंटी वर गेली, पाट भरून आला, आणि पाणी वरंब्यांच्या दोन्ही अंगांनी पातळ, घाईत उतरायला लागलं. फक्त एका खोलगटात ते अजून घुटमळत होतं. लायोनेल तिथे उकरत होता. ड्रुसिला त्याचा कोट हातात घेऊन काठाकाठाने त्याच्या मागे चालली होती.

"अहो, पुरे आता. न्यूमोनिया होईल," ती म्हणाली. "एवढंसं तर पाणी आहे. राहू दे ना रात्रभर, काय बिघडतं?"

"राहू दे?" लायोनेल ताठ उभा राहिला. गळ्यातला टाय पाठीवर गेला होता, आणि त्याचा आवाज अगदी वडिलांचा झाला होता. "मी जिवंत असेपर्यंत या कुरणात पाणी उभं राहणार नाही. एक रात्रसुद्धा नाही. कळलं?"

ड्रुसिलाने डोळे मिटून घेतले. नदीकडून परत आलेली विनी जागच्या जागी थांबली. रोवेनाने आत्याकडे पाहिलं. पाणी अजून शेवटच्या चरात पडलं नव्हतं. उभं पाणी म्हणजे तलावच, म्हणजे वादाचा विषय निघाला, तोही लायोनेलच्या तोंडून, आणि आता हेस्टरने नुसतं बोट वर करायचं होतं.

हेस्टरने तोंड उघडलं.

"डावीकडे जरा खोल घे," ती म्हणाली. "तिथे दगड आहे."

"माहितेय मला," लायोनेल म्हणाला आणि डावीकडे खोल घेतलं.

उजेड जाता जाता पाणी वाकड्या विलोखाली आलं. आधी गवतातून नुसती सळसळ ऐकू आली. मग चराच्या कडेवरून एक बारीक धार खाली पडली, आणि मागोमाग चांगली मनगटाएवढी.

"पोचलं," विनी म्हणाली.

आता बोलायला मुभा होती आणि कुणालाच बोलावंसं वाटत नव्हतं. सगळे चराभोवती उभे राहिले. लायोनेलचे दात वाजत होते. ड्रुसिलाने त्याच्या अंगावर कोट टाकला, आणि दुपारपासून साठवून ठेवलेल्या शंभर गोष्टींपैकी एकही तिला आठवेना.

"तू आधी," हेस्टर लायोनेलला म्हणाली.

लायोनेलने कुरणाकडे पाहिलं नाही. आपल्या बुटांकडे पाहिलं.

"तलाव," तो म्हणाला. पॉथेकरी माणूस थंडीने मरेल, पण ठरवून आलेलं मत बदलणार नाही.

"कुरण," हेस्टर म्हणाली. तिचा आवाज कापला, आणि या खेपेला ते तिने लपवलं नाही.

मग सगळे विनीकडे वळले. तिने आजूबाजूला पाहिलं. आसपास कपाट नव्हतं.

"मी लायोनेलच्या बाजूने," ती म्हणाली.

ड्रुसिलाच्या तोंडून आनंदाचा एक चमत्कारिक आवाज निघाला. हेस्टरने विलोच्या खोडाला हात टेकला. रोवेना रडायच्या बेतात होती.

"कुठल्या लायोनेलच्या, ते तरी विचारा," विनी म्हणाली. तिला स्वतःचीच भीती वाटत होती, पण आता थांबता येत नव्हतं. "जेवायला बसला होता त्याच्या नव्हे. मघाशी चरात उभा राहून ओरडत होता त्याच्या. तो म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत इथे पाणी उभं राहणार नाही. त्याला मी लहानपणापासून ओळखते. माझं मत त्याला."

लायोनेल बहिणीकडे बघत राहिला. चरात पाणी पडतच होतं. त्याने कमरेत वाकून धारेच्या तोंडाशी अडकलेली एक काटकी काढून टाकली.

हेस्टरला त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला धड जुळवता येईना. शेवटी तिने कामाचं तेवढंच बोलायचं ठरवलं.

"रविवारी पाणी उतरवायचंय," ती म्हणाली. "एकटीने नाही होणार माझ्याने."

लायोनेलने फावडं पाण्यात बुडवून स्वच्छ केलं, दोन्ही बाजूंनी.

"किती वाजता?" त्याने विचारलं.